दिसत नाही ते दिसू दे

विठाई, आज बसूनच बोलते तुझ्याशी. उभी राहिले की डावा पाय थरथरतो. भिंत धरली तर उभं राहता येतं, पण हात जोडायचे म्हणजे भिंत सोडावी लागते.

मला बरी कर, हे मागणं तुझ्यापाशी केव्हाचं पडून आहे. ते तू विसरलेली नाहीस, म्हणून आज पुन्हा मागत नाही. आज वेगळं मागते. माझं दुखणं लोकांना दिसू दे.

ते दिसत नाही गं. लोक म्हणतात, चेहरा तर किती छान दिसतोय तुझा. प्रेमानंच म्हणतात. तळव्यांना खालची फरशी कळत नाही, मान वाकवली की पाठीच्या कण्यातून करंट उतरतो, सकाळी ब्लाउजच्या तिसऱ्या हुकाशी बोटं थांबतात, हे त्यांना कुठून दिसणार? थकवा म्हटलं की उत्तर तयार असतं, आम्हीही दमतो हो. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना कळू दे, एवढंच.

तुझ्यावर मात्र रागावले होते, विठाई. ते तुला ठाऊक आहे, तरी माझ्या तोंडून ऐक. आधी एका डोळ्याला धूसर दिसायला लागलं, बुबुळ हलवलं की दुखायचं. काही आठवड्यांत ते आपोआप ओसरलं, आणि घरात सगळे म्हणाले, चष्म्याचा नंबर असेल. मग पाय जड झाले. मग जीभ अडखळायला लागली. कोणी अशक्तपणा म्हणालं, कोणी मनाचे खेळ म्हणालं, एका मावशींनी बाहेरची बाधा म्हणून लिंबू उतरवून टाकलं. मी मुकाट बसून राहिले, कारण माझ्याकडेही दुसरं उत्तर नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी एमआरआयच्या फिल्मवरचे पांढरे ठिपके दाखवले. म्हणाले, मल्टिपल स्क्लेरोसिस. रोगजंतूंशी लढायला शरीराला तूच बळ दिलंस. तेच बळ माझ्या मेंदूतल्या आणि कण्यातल्या मज्जातंतूंवर उलटलं होतं. त्यांच्यावरचं मायलिनचं आवरण ते कुरतडत होतं, जागोजागी व्रण सोडत होतं, आणि मेंदूचा निरोप पायापर्यंत पोचताना वाटेत रेंगाळत होता. मी त्या ठिपक्यांकडे बघतच राहिले. कोणी न मानलेलं माझं दुखणं तिथे उजेडात होतं. मला रडू आलं ते भीतीनं, आणि सुटल्यासारखं वाटलं म्हणूनही. दोन्ही खरं आहे. दोन्ही तुझ्या पायाशी ठेवते.

ज्यांना अजून नाव सापडलं नाही, त्यांना नाव सापडू दे.

ज्यांच्या तालुक्याला मेंदूचा डॉक्टर नाही, त्यांना वेळेत वाट दाखव.

जो भरदिवसा रस्त्यात झोकांड्या खातो, त्याला दारुडा म्हणणाऱ्याची जीभ आवर.

आणि ज्यांनी वाट काढून ठेवली, त्यांच्यासाठी तुझे उपकार मानते. १८६८ साली पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात डॉक्टर शार्को यांनी हा आजार नीट ओळखून मांडला. त्या रुग्णालयात खितपत पडलेल्या बायकांची आठवण मला जास्त येते. त्यांच्या वेळी औषध नव्हतं. आज आजार मुळापासून जात नसला, तरी त्याचे झटके कमी करणारी, त्याची चाल मंदावणारी औषधं आहेत. माझं इंजेक्शन आमच्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या डब्याशेजारी असतं. आमचे हे ते आधी बाहेर काढून ठेवतात, खोलीतल्या उबेला येऊ देतात, मागच्या वेळी मांडी झाली होती, आज पोट, असं स्वतःशीच म्हणतात आणि सुई टोचताना माझ्याकडे बघत नाहीत. त्यांचे हात असेच राहू देत. ज्यांना हे औषध परवडत नाही, त्यांच्या घरी ते पोचू दे. ज्यांच्या गावात तासन्‌तास लाइट जाते, त्यांचा फ्रिज गार राहू दे.

१९८५ पासून आमच्यासाठी झटणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियातल्या माणसांना आयुष्य दे. २०१६च्या अपंगांच्या कायद्यात आमच्या आजाराचं नाव आलं, त्यासाठी ज्यांनी खेटे घातले त्यांना सुखी ठेव. पण विठाई, अपंगत्वाच्या चाळीस टक्क्यांचा हिशेब करायला मी डॉक्टरांच्या बोर्डापुढे गेले, त्या दिवशी माझे पाय नेमके बरे चालत होते. आमचं असंच असतं, आज चालतं आणि परवा चालत नाही. मोजणाऱ्याला परवाचा दिवसही दिसू दे.

आम्ही जगभरात २८ लाखांहून जास्त आहोत, आणि त्यांत बायका अधिक. बहुतेकींना हे विशी ते चाळिशीच्या मधे गाठतं, म्हणजे नोकरी, लग्न, लेकरं सगळं ऐन भरात असताना. ज्या मुलीचे रिपोर्ट स्थळ मोडेल म्हणून कपाटात दडवलेत, तिच्या आईला धीर दे. जिला माहेरी आणून सोडलंय, तिच्यावर माहेर रुसू देऊ नकोस. हा आजार शिवल्यानं होत नाही, मागच्या जन्मीच्या पापानं होत नाही, हे तिच्या सासरच्यांना तूच सांग. माझं कोण ऐकणार?

तरी मी सांगणार आहे. ३० मे हा आमच्या आजाराचा जागतिक दिवस. आपल्याकडे तो ऐन उन्हाळ्यात येतो, आणि अंग तापलं की आमची नजर मंदावते, पाय ढेपाळतात. गारव्यानं पुन्हा थोडं सावरतं. तरी मानेवर ओला पंचा टाकून मी एका कॉलेजात बोलायला जाणार आहे. माझी जीभ अडखळेल. ऐकणाऱ्या पोरांना तेवढी सबुरी दे. त्यांतल्या एकाच्या जरी घरी कोणी विनाकारण धडपडत असेल, तरी त्याला माझं बोलणं आठवू दे.

मी फार लहान आहे गं. तुझ्या दारच्या रांगेत तासन्‌तास उभं राहणं मला जमायचं नाही. पंढरीत रिक्षातूनच कळस पाहीन, हात जोडीन, तेवढी भेट माझी धरून घे. आळंदीहून चालत येणाऱ्यांचे पाय टीव्हीवर बघते, तेव्हा पोटात हेवा उठतो. तो आला की रागावू नकोस. मला जवळ घे.

ह्यांची पाठ दुखते, ते बोलत नाहीत. त्यांना विसावा दे. माझ्या लेकीला माझ्याकडे बघून भीती वाटू देऊ नकोस. आणि उद्या सकाळी फिजिओथेरपी आहे, दुसऱ्या मजल्यावर. तिथली लिफ्ट चालू असू दे, विठाई.