विधवेचे तेल आणि गावचा बाजार

शास्त्रपाठ : २ राजे ४:१-७

अलीशा संदेष्ट्याच्या काळच्या या विधवेची गोष्ट आपल्या मंडळ्यांत पुष्कळदा ऐकावयास मिळते, आणि बहुधा भांडी भरली तेथेच ती संपविली जाते. भांडी संपली, तेल थांबले, देवाची स्तुती असो, असे म्हणून उपदेशक खाली बसतात. परंतु शास्त्रलेख तेथे थांबत नाही. ती बाई पुन्हा देवाच्या माणसाकडे जाते, आणि तो तिला तेल विकून देणे फेडण्यास व उरेल त्यावर मुलांसह निर्वाह करण्यास सांगतो. म्हणजे घरातील चमत्कारानंतर तिला बाजार गाठावा लागला. तेथे गिऱ्हाइकाने भाव पाडला असता, किंवा मापात खोट केली असती, तर घर तेलाने भरलेले असूनही तिचे दोन पुत्र सावकाराचे दास होऊन गेले असते. ते तेल कोणी घेतले हे शास्त्र सांगत नाही. तथापि कोणी तरी वाजवी दाम मोजले खास.

वऱ्हाडातील वाचकांस ही गोष्ट परदेशची वाटू नये. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या ६ जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत अमरावती व अकोला हे दोन्ही होते. ज्यांच्या धन्याने देण्याच्या भाराखाली स्वतःचा जीव दिला, अशा विधवा आपल्या शेजारीपाजारी आहेत. त्यांच्यादेखत हा अध्याय वाचताना वाचणाऱ्याने आवाज जरा जपून वापरावा.

बाजारात न्याय असावा म्हणून माणसांनी कायदे केले, आणि त्यांचा आरंभ आपल्याच मुलखात झाला. हल्ली वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंजा येथे १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार स्थापन झाला, व १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. हेतू चांगला होता. मात्र त्या काळच्या समित्यांत व्यापाऱ्यांचाच भरणा असे, पिकविणाऱ्यास विचारतो कोण? पुढे अनेक सुधारणा झाल्या. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने फळे व भाजीपाला बाजारसमितीच्या नियमनातून मोकळा केला, आणि शेतकऱ्याने आपला माल थेट गिऱ्हाइकास विकावा म्हणून शहरोशहरी शेतकरी आठवडे बाजार भरू लागले. त्यांस मळा पिकविणाऱ्या संत सावता माळी यांचे नाव देण्यात आले, ते आम्हांस योग्यच वाटते.

वरूड-मोर्शीकडील संत्र्याचा बागवान पुष्कळदा सारी बाग झाडावरच व्यापाऱ्यास देऊन टाकतो. फळ किती निघेल याचा अंदाज व्यापाऱ्यास असतो, आणि पैशाची निकड बागवानास असते. या दोहोंत सौदा कोणाच्या सोयीचा होतो हे सांगावयास नको. तोच बागवान थोडा माल स्वतः टोपलीत घालून बसला, तर अडत, हमाली, वाहतूक व मधल्या हातांचा नफा यांतील पुष्कळ भाग त्याच्या पदरी राहतो. यात कष्ट आहेत; दिवस मोडतो, आणि उरलेला माल परत न्यावा लागतो. शिवाय कापूस व सोयाबीन काही शेजारणीस किलोने विकता येत नाही. ज्याचे सारे शेत या दोन पिकांखाली आहे त्याचा प्रश्न या बाजाराने सुटेल असे आम्ही म्हणत नाही. परंतु धुऱ्याकडेच्या चार तासांत तूर, मूग, अंबाडी, मेथी घेणे त्यासही शक्य आहे, आणि मग निदान घरच्या ताटासाठी तरी त्याला उधारी करावी लागणार नाही.

ताटाचा विषय निघाला म्हणून सांगतो. अशा बाजारात माल विकला जातो तसे ज्ञानही दिले जाते. तरोट्याचा पाला कोवळा असतानाच घ्यावा, चिवळ कशी निवडावी, काटवलाचे काय करावे, हे शहरात वाढलेल्या सुनेस दुकानातील पुडकी सांगत नाही. टोपलीमागे बसलेली म्हातारी सांगते. कृषी विभागाच्या वतीने ऑगस्ट महिन्यात जिल्ह्याजिल्ह्यांतून रानभाजी महोत्सव भरविले जातात, त्यांचाही हेतू हाच आहे. मेळघाटातील मुलांच्या कुपोषणाविषयी आपण कितीदा प्रार्थना केली असेल! त्याच डोंगरात कोरकू लोक कुटकी, कोदो पिकवीत आले आहेत. आमच्या भगिनीमंडळांनी पावसाळ्यात एक दिवस शास्त्राभ्यासानंतर चूल पेटवावी, आणि ज्या बहिणीस अक्षर येत नाही तिला त्या दिवशी शिक्षिका करावे.

विकणाऱ्यासही दोन शब्द. लेवीय १९ व्या अध्यायात शेताचे कोपरे गरिबांसाठी राखण्याची आज्ञा आहे, आणि त्याच अध्यायाच्या शेवटी खऱ्या तराजूची आहे. आमोस संदेष्टा गव्हाचा भुसा विकणाऱ्यांवर कोपतो. तेव्हा वरती टवटवीत संत्री व तळाशी सडकी, असे ख्रिस्ती मनुष्याच्या टोपलीत असू नये, आणि त्याच्या काट्यावर वैधमापन खात्याची मोहोर असावी.

आणखी एक अडचण आमच्या कानी वारंवार येते. ज्या गावचा बाजार रविवारीच भरतो, तेथील गरीब विश्वासणारीने काय करावे? शब्बाथाच्या आधी सांज पडू लागताच नहेम्याने यरुशलेमेच्या वेशी बंद करविल्या. पण त्याच्या हाती वेशी होत्या, आमच्या हाती नाहीत. तिची मेथी सोमवारपर्यंत थांबणार नाही. म्हणून आमची सूचना अशी की, मंडळीच्या आवारात शनिवारी दुपारी झाडाखाली जागा झाडून द्यावी, कोणत्याही धर्माच्या शेतकऱ्यास तेथे बसू द्यावे, भाडे घेऊ नये. आणि ज्यांस दरमहा पगार मिळतो अशा शिक्षक, परिचारिका व कारकून बंधुभगिनींनी आठवड्याची भाजी तेथूनच न्यावी, घासाघीस न करता. उपासनेस न आल्याबद्दल तिच्या नावापुढे खूण करणाऱ्या वडिलांनी आधी चौकशी करावी की, शनिवारी तिची टोपली कोणी रिकामी केली होती काय.