टाकलेल्या पडद्याचें ऋण

दूरचित्रवाणीचा जुना पडदा भंगारांत दिला कीं आपला त्याच्याशीं संबंध तुटला, असें आपण मानतों. तो खरोखर तुटतो काय? त्याच्या कांचेवरील पारदर्शक लेपांत इंडियम हा दुर्मिळ धातु असतो. १८६३ सालीं फ्रायबर्ग येथें तो वर्णपटांतील निळ्या रेषेवरून ओळखला गेला; निळीमुळें त्याच्या नांवांत हिंदुस्थानची खूण राहिली. अंश अत्यल्प, म्हणून तो बहुधा वायां जातो. दिल्लीच्या सीलमपुरांत मिळवितात तें सर्किटांतलें तांबें-सोनें. तेंहि आम्लाच्या वाफा हुंगीत, उघड्या हातांनीं. २०२२ च्या नियमांनीं उत्पादकांवर जबाबदारी घातली, तें योग्यच. तथापि भंगाराचा चढा भाव घेणारे आपण त्या वाफांचे भागीदार नव्हों काय? नोंदणी झालेला कारखाना कदाचित् कमी पैसे देईल, तेच घ्यावे.