पश्चात्ताप आणि दुसरा दिवस

पश्चात्ताप हा शब्द आपल्या भाषेत इतका रुळला आहे की त्याच्या अर्थाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मागाहून होणारा ताप, एवढेच तो सांगतो. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द ‘मेटानोया’. त्याचा अर्थ मनाचा पालट. ताप पुष्कळांस होतो, पालट थोड्यांचाच होतो. आणि तापालाच पालट समजण्याची भूल धर्मशील मनुष्याला अधिक होते, असे आम्हांस वाटते.

विधीने हा पालट होत नाही, याची साक्ष पंडिता रमाबाईंनी स्वतः दिली आहे. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त मिळाला नव्हता, हे त्यांच्या ध्यानात आले ते सुमारे आठ वर्षांनी. एवढ्या विदुषीने हे निःसंकोचपणे लिहून ठेवावे, यातच तिच्या पालटाची खूण आहे. पुढे दुष्काळांत होरपळलेल्या मुलींस तिने केडगावी आश्रय दिला, तेव्हा ती खूण जगालाही दिसली.

अशी खूण ओळखावी कशी? याचे उत्तर आमच्या कोकणात फार जुने आहे. पेण, रोहे, अलिबाग या बाजूस बेने इस्राएल लोक पिढ्यान् पिढ्या नांदले. ते तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांस शनवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावे आजही इकडची आठवण देतात, जरी १९४८ नंतर त्यांच्यापैकी पुष्कळ लोक इस्राएल देशी गेले. त्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाला ते ‘दरफलनीचा सण’ म्हणत. त्या दिवशी दारे लावून उपवास आणि प्रार्थना. दुसरा दिवस ‘शिळा सण’; त्या दिवशी गरिबांस दानधर्म करावयाचा आणि आप्तेष्टांस भेटावयाचे. येशू ज्या यहुदी परंपरेत वाढला, तिच्याच या कोकणी शाखेने पश्चात्तापाचे दोन भाग दोन दिवसांत जणू मांडून ठेवले: दार लावणे आणि दार उघडणे.

आपण बहुधा पहिल्याच दिवशी थांबतो. एखाद्या सावकाराने खोट्या हिशेबाने कुळाची खाचरे बळकावली, पुढे वार्धक्यात त्याला उपरती झाली, प्रार्थनेत त्याचे डोळे पाणावले. पण कागद पेटीतच राहिला. त्याच्या मनाला शांती लाभली, कुळाला मात्र भाताचा एक दाणा मिळाला नाही. अशा अश्रूंनी अपराध्याचे दुःख हलके होते, अपराधाचे नव्हे.

यावर कोणी म्हणेल, मग पश्चात्ताप हा व्यापारच ठरला. इतके परत द्या आणि तितकी क्षमा घ्या. ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर लूकच्या शुभवर्तमानातील जक्कयाच्या कथेत सापडते. तो जकातदार होता, श्रीमंत होता आणि लोकांच्या तिरस्काराचा विषय होता. त्याने अर्धे द्रव्य दरिद्र्यांस देण्याचे आणि लुबाडलेले चौपट फेडण्याचे कबूल केले, ते येशूने त्याच्या घरी येण्याचे आपण होऊन ठरविल्यानंतर. कृपा आधी आली, फेड मागून. फेड हे क्षमेचे मोल नव्हे. क्षमा खरोखर पोचल्याची ती पावती होय.

सर्वच ऋणे फिटत नाहीत. ज्याचा अपराध केला तो मनुष्यच कित्येकदा हयात नसतो, आणि तेवढी बाकी देवावर सोपविणे भागच असते. परंतु जे फेडता येण्याजोगे आहे तेही देवावर सोपवून मोकळे होणे, याला भक्ती म्हणता येत नाही. म्हणून स्वतःची परीक्षा घेणाराने आपण किती रडलो हे पाहू नये. दुसऱ्या दिवशी दार उघडून आपण कोणाच्या घरी गेलो, हे पाहावे.