उजव्या बरगड्यांखाली

बसायला बरी जागा बघा. पाठ टेकायची असेल तर टेका, आडवं व्हावंसं वाटलं तर आडवे व्हा. गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइमच्या दुखण्यातून उठणाऱ्या माणसाला ताठ बसायला सांगण्यात अर्थ नाही. गुडघा ठणकत असेल तर खाली उशी घ्या. टडका (TUDCA) नावाच्या पूरक कॅप्सूलची बाटली जवळ असेल तर ती तिथेच असू द्या. एवढ्यात उघडायची नाही, आणि कपाटात ढकलायचीही नाही.

श्वास जसा चालला आहे तसाच चालू द्या. मधेच लक्ष उडालं, वाक्य हातून सुटलं, तर मागे जाऊन पुन्हा वाचा. डोक्यात असं धुकं साचणं या दुखण्यात अनेकांच्या वाट्याला येतं, त्यात तुमचा काही दोष नाही.

आता उजवा तळहात उजव्या बरगड्यांच्या खालच्या कडेवर ठेवा. त्याच्या आत यकृत आहे. बरंचसं बरगड्यांच्या आड असल्यामुळे ते हाताला लागणार नाही. हात फक्त तिथे असू द्या.

यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करतं. छातीत जळजळलं की आपण ‘पित्त’ म्हणतो ते हे नव्हे, ते पोटातलं आम्ल. हा पित्तरस पिवळसर हिरवा आणि कडू. ज्या कोलेस्टेरॉलला आपण इतकी नावं ठेवतो त्याच्यापासूनच यकृत पित्ताम्लं घडवतं, त्यांना टॉरिन किंवा ग्लायसिन जोडतं आणि पुढे पाठवतं. तुम्ही वरणभातावर तूप घेता, घास पोटातून पुढे सरकतो, पित्ताशय आकसतं आणि साठवलेला रस आतड्यात उतरतो. तुपाचे बारीक बारीक थेंब होतात, ते पचून शोषले जातात. काम झालं की लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ही पित्ताम्लंही शोषली जातात, शंभरातली सुमारे ९५, आणि यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून जिथून निघाली तिथेच परत येतात. दिवसातून अनेक वेळा. जेवढी वाया गेली तेवढी यकृत नव्याने घडवतं.

इथे थोडं थांबा. हे जाणं-येणं तुमच्या तापात चालू होतं, डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या दिवसांत चालू होतं, अंथरुणातून उठवत नव्हतं त्या सकाळीही चालू होतं. आत्ता हाताखाली चालू आहे.

आतड्यातले जिवाणू या पित्ताम्लांत थोडे फेरफार करतात. त्यातून अगदी थोडं अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड माणसातही तयार होतं. त्याला टॉरिन जोडलं की होतं टॉरोअर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड, म्हणजे बाटलीतला टडका. तुमच्या अंगाला तो अगदीच परका नाही. आपल्यात तो नावापुरता, अस्वलांच्या पित्तात मात्र भरपूर. १९०२ साली स्वीडनच्या हामरस्टेननी ध्रुवीय अस्वलाच्या पित्तात अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिडचा माग काढला, १९२७ साली जपानच्या शोदांनी ते वेगळं केलं. अस्वलाचं वाळवलेलं पित्त चीनमध्ये कित्येक शतकं औषध म्हणून घेतलं गेलं, आणि त्यासाठी पुढे अस्वलं पिंजऱ्यात कोंडली गेली, पोटाला छिद्र ठेवून. त्या जनावरांचा विचार मनात आला तर येऊ द्या. आज कारखान्यात हे आम्ल बहुधा गुरांच्या पित्तापासून बनवतात. घरात ते चालणार नसेल तर बाटलीतलं औषध कशापासून बनलं हे कंपनीला विचारायला संकोचू नका. आजारी माणसाने आपल्या आचाराचा प्रश्न मागे ठेवावा असा नियम नाही.

हात खाली घेतला तरी चालेल.

आता आजाराकडे वळू. न्यू जर्सीत, कनेक्टिकटात, मॅसॅच्युसेट्समध्ये कितीतरी मराठी घरं आहेत. घरामागे झाडी असते, संध्याकाळी हरणं येतात. तिथली काळ्या पायांची गोचीड पिल्लू असताना खसखशीच्या दाण्याएवढी असते. चावली तरी कळत नाही. पुण्याहून व्हिडिओ कॉलवर आई विचारते, ‘‘अरे, गोचीड चावून माणूस महिनोन्‌महिने आजारी पडतो का?’’ सावंतवाडी-दोडामार्गकडची आई असती तर तिने हे विचारलं नसतं. तिथे काजूच्या बागांत गोचिडीनेच माकडताप आणला. तो विषाणूचा आजार, लाइम जिवाणूचा, पण एवढासा जीव काय करू शकतो हे त्या भागाने पाहिलं आहे.

आजाराला ज्याचं नाव पडलं ते लाइम हे कनेक्टिकटातलं गाव. पॉली मरे नावाची चित्रकार तिथे राहत होती. तिच्या घरात वर्षानुवर्षं कुणाचे सांधे सुजत, कुणाला पुरळ उठे, कुणाला ताप येई, आणि तिला ऐकवलं जाई की हे सगळं मनाचे खेळ आहेत. ती टिपणं काढत राहिली. शेजारपाजारची मुलंही तशीच आजारी आहेत हे तिच्या ध्यानात आलं, आणि १९७५ साली तिने राज्याच्या आरोग्य खात्याला कळवलं. त्या भागातल्या आणखी एका आईनेही कळवलं होतं. येल विद्यापीठाच्या ॲलन स्टीअर यांनी १९७७ मध्ये या संधिवाताचं वर्णन प्रसिद्ध केलं. विली बर्गडॉर्फर यांना लाँग आयलंडकडच्या गोचिडींच्या पोटात मळसूत्री जिवाणू दिसले, ते १९८२ मध्ये जगापुढे आले. आज त्या जिवाणूला त्यांचं नाव आहे.

तुम्हालाही कुणी म्हणालं असेल, रिपोर्ट तर नॉर्मल आहेत. ते वाक्य आठवून पोटात काय होतं ते पाहा. त्यावर लगेच उत्तर शोधू नका. उपचार पुरे झाल्यावरही शंभरातल्या पाच ते दहा जणांना थकवा, अंगदुखी, विसराळूपणा महिनोन्‌महिने राहतो, हे वैद्यकाने मान्य केलेलं आहे. कारण मात्र अजून पक्कं झालेलं नाही. २०१९ साली लाइमच्या संधिवाताच्या रुग्णांच्या सांध्यातल्या द्रवात त्या जिवाणूच्या भिंतीचे तुकडे सापडले. जिवाणू मेले तरी त्यांचा हा अवशेष दाह पेटता ठेवत असावा असं संशोधकांना वाटतं. २००१ मध्ये अमेरिकेत आणि २०१६ मध्ये नेदरलँड्समध्ये झालेल्या चाचण्यांत महिनोन्‌महिने अँटिबायोटिक देऊन पाहिलं. नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा जास्त गुण आला नाही.

मग माणूस काय करतो? हाताशी येईल ते धरतो. मला यात मूर्खपणा दिसत नाही. पडून राहून वाट पाहण्यापेक्षा काहीतरी करत राहणं सोसायला सोपं जातं.

लाइम आणि पित्त यांची एक गाठ मात्र नोंदलेली आहे, आणि ती कॅप्सूलच्या जाहिरातीत सापडायची नाही. लाइमवर शिरेतून देतात ते सेफ्ट्रिॲक्झोन हे अँटिबायोटिक काही अंशी पित्तातून बाहेर पडतं, आणि पित्ताशयात कॅल्शियमशी मिळून त्याचे खडे जमू शकतात. १९९० ते ९२ या काळात न्यू जर्सीत लाइमच्या संशयावरून हे औषध दिलेल्या काही जणांना अशा खड्यांमुळे रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, काहींचं पित्ताशय काढावं लागलं. त्यातल्या पुष्कळांना लाइम होता याचा पुरावाही नव्हता. बरं करायला निघालेला हातही इजा करू शकतो. तुम्हाला हे औषध दिलं गेलं असेल आणि जेवणानंतर उजवीकडे बरगड्यांखाली कळ येत असेल तर मनन इथेच थांबवा. आधी सोनोग्राफी.

कळ नसेल तर बाटलीकडे पाहा, आणि तिच्याबद्दल जे ठाऊक आहे तेवढंच मनात आणा. टडकाचं भावंड, साधं अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड, खरं औषध आहे. आपल्याकडेही डॉक्टर ते लिहून देतात. काही प्रकारचे पित्तखडे त्याने विरघळतात, पित्तनलिकांच्या एका चिवट आजारात ते यकृताला बरीच वर्षं सांभाळतं. पण त्याच नलिकांच्या दुसऱ्या एका आजारात मोठ्या मात्रेत देऊन पाहिलं, तेव्हा रक्ताचे आकडे सुधारले आणि माणसं अधिक बिघडली. ही चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. टडका पेशींवरचा ताण कमी करतो असं प्रयोगशाळेत दिसतं. त्या आशेवर एएलएस या मज्जातंतूंच्या आजारासाठी त्याचं दुसऱ्या एका द्रव्याबरोबर औषध झालं, सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि मार्च २०२४ मध्ये मोठ्या चाचणीत गुण न दिसल्याने ते पुढच्याच महिन्यात मागे घेतलं गेलं. त्या आजारात वेळ किती थोडा असतो हे ज्यांनी घरात पाहिलं आहे त्यांना ही बातमी कशी लागली असेल, याची मला कल्पना करवत नाही.

लाइममधून उठणाऱ्यांना टडका देऊन पारख केलेली चाचणी झालेली नाही. ‘लाइमची विषं पित्तावाटे धुऊन निघतात’ हे वाक्य कानाला पटतं, पण त्याला आधार नाही. यकृत धडधाकट असेल तर तिथे भरून काढायची पोकळीच नाही. म्हणून ‘विष काढण्यासाठी’ तो मी कुणाला सुचवणार नाही. यकृताच्या तपासणीत खरोखर काही आढळलं असेल तर गोष्ट वेगळी, आणि ती डॉक्टरांनी बघायची.

आता स्वतःला एकच विचारा: या कॅप्सूलकडून मला काय हवं आहे? घाईने उत्तर देऊ नका. थकवा जावा, हे पहिलं येईल. त्यामागे आणखी काही असेल. नोकरीवर परतायचं असेल. मुलाला उचलून घ्यायचं असेल. घरातल्यांनी माझं खरं मानावं, एवढंच असेल. जे वर येईल ते तसंच राहू द्या. त्यातलं काय गोळीकडे मागायचं आणि काय नवऱ्याकडे, बायकोकडे, आईकडे, हे वेगवेगळं होईल.

उठाल तेव्हा एक कागद घ्या. सध्या चालू असलेलं प्रत्येक औषध आणि पावडर त्यावर लिहा. कोलेस्टिरामिन घेत असाल तर तेही लिहा. ते आतड्यात पित्ताम्लंच बांधून ठेवतं, तेव्हा दोन्ही एकाच वेळी घेण्यात हशील नाही. गर्भार असाल, पूर्वी पित्तनलिकेत अडथळा झाला असेल, तेही लिहा. अमेरिकेत अशा पूरक गोळ्यांना विक्रीआधी सरकारी मान्यता लागत नाही, तेव्हा बाटलीही बरोबर न्या. डॉक्टर हो म्हणाले तर टडका एकटाच सुरू करा, त्याच आठवड्यात दुसरं काही नवं नको, आणि जुलाब, झोप, सांधे यांची रोज एक ओळ लिहा. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली तर बंद करून फोन करा. आणि काही फरक पडला नाही तर कोणत्या तारखेला थांबायचं, ती तारीख पहिली कॅप्सूल घेण्याआधीच त्या कागदावर घाला.