दार उघडलं, पण कुणी?

ख्रिस्ती घरात पैशाचा मोठा निर्णय आला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘प्रभूनं दार उघडलं तर पुढं जाऊ.’ फ्लॅट घ्यायचा असो, मुलीला परदेशी शिकायला पाठवायचं असो, घरात प्रार्थना होते, पाळकसाहेबही येऊन प्रार्थना करतात आणि बँकेत अर्ज जातो. कर्ज मंजूर झालं की दार उघडलं. पुढच्या रविवारी मंडळीत साक्षही दिली जाते.

या वाक्यामागची श्रद्धा खोटी नाही. पण हल्ली दारं उघडायचं काम बँकेच्या संगणकाकडे गेलं आहे. मागितलेलं नसतानाही कर्ज मंजूर झाल्याचा मेसेज फोनवर येतो. त्यालाच देवाचा कौल मानायचं तर देव सध्या फारच सढळ हातानं हप्ते वाटतो आहे, असं म्हणावं लागेल!

कर्जाशिवाय चालणाऱ्या विश्वासाचं उदाहरण म्हणून जॉर्ज म्युलर यांचं नाव घेतलं जातं. प्रशियात १८०५ साली जन्मलेला हा माणूस इंग्लंडमध्ये धर्मसेवक झाला. चर्चमधल्या बाकांच्या भाड्यातून त्यांना पगार मिळे. श्रीमंताला पुढचं बाक आणि गरिबाला मागचं, हे न पटल्यानं १८३० साली त्यांनी तो पगारच सोडला. पुढं ब्रिस्टलमध्ये त्यांनी अनाथालयं काढली. अ‍ॅशली डाउनच्या पाच इमारतींत दोन हजारांवर मुलांची सोय झाली. पैसे मागायचे ते फक्त देवाकडे, आणि उधारी करायची नाही, हा त्यांचा नियम.

त्यांच्या प्रार्थनांच्या गोष्टी प्रवचनांतून पुष्कळ ऐकवल्या जातात. त्यांच्या हिशेबाच्या वह्यांबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. प्रत्येक देणगीला क्रमांक घातलेली पावती मिळे. वार्षिक अहवालात नावं न छापता रकमा छापत, आणि देणाऱ्याला आपला क्रमांक शोधून रक्कम ताडून पाहता येई. अहवाल छापणं म्हणजे आडून मागणंच, असा आक्षेप घेता येतो आणि तो अगदीच पोकळ नाही. पण १८४१ च्या अखेरीस तिजोरीत खडखडाट असताना म्युलर यांनी तो अहवालच लांबवला. अडचण लोकांना कळू नये, म्हणून.

उधारी न करण्याचा नियम मला निव्वळ काटकसरीचा वाटत नाही. हाती पैसा नसणं हेही म्युलर यांच्या लेखी उत्तरच होतं: अजून थांब. कर्ज काढलं की ते उत्तर ऐकूच येत नाही. लूकच्या शुभवर्तमानात येशू बुरूज बांधणाऱ्याचा दाखला देतो. आधी बसून खर्चाचा अंदाज घेतला नाही, तर पाया घालूनच काम थांबतं आणि लोक हसतात. दाखला शिष्यत्वाचा आहे हे खरं, पण त्यातला माणूस हिशेबालाच बसलेला आहे.

म्युलर यांचं चरित्र पंडिता रमाबाईंनी वाचलं होतं. अमेरिकेतल्या एका मंडळानं रमाबाईंच्या कामाला दहा वर्षं मदतीची हमी दिली होती. ती मुदत संपायच्या आधीच त्यांनी केडगावला जमीन घेतली आणि फळझाडं लावली. पुढं दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुली-बायका तिथं आल्या. त्यांना प्रार्थनेच्या आधारावर ठेवून घेणारी बाई झाडांच्या उत्पन्नाचाही विचार करत होती. यात काही विसंगती आहे असं मला वाटत नाही. उलट, ‘दहा टक्के द्या, शंभरपट घ्या’ असं सांगणारे आजचे उपदेशक विसंगत वाटतात. दशांशाचा त्यांनी विम्याचा हप्ता करून टाकला आहे.

तरीही म्युलर यांची वाट सरसकट घ्यावी असं मी म्हणणार नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचताना त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांच्या उदारपणानं मन भरून येतं, आणि लगेच लक्ष्मीबाईंच्या डब्यांकडे लक्ष जातं. हातातलं देऊन टाकायचं ते टिळकांनी, रात्रीच्या जेवणाचं बघायचं ते लक्ष्मीबाईंनी. मिशनची नोकरी सोडून १९१७ साली टिळक ख्रिस्ती संन्यासी झाले. म्युलर यांनी पगार सोडला तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं, पण तो निर्णय त्यांच्या पत्नी मेरीबाईंचाही होता. आपल्याकडे गुडघे दोघांचे टेकतात आणि पासबुक एकाच्याच कपाटात असतं. बायकोला पगाराचा आकडा ठाऊक नसलेल्या घरात मार्गदर्शन नेमकं कुणाला मिळतं, हे पाळकांनी एकदा व्यासपीठावरून विचारायला हरकत नाही.