नैसर्गिक विष आणि आपले उत्तरदायित्व



सोलापूरहून मंगळवेढ्यामार्गे सांगोल्याकडे निघालात, तर ज्वारीची काळी राने मागे पडतात आणि माळरानावर डाळिंबाच्या बागा दिसू लागतात. अपुऱ्या पावसाच्या या मुलखाला डाळिंबाने मोठा आधार दिला आहे. दिव्य कुरआनात अल्लाहच्या देणग्यांमध्ये या फळाचा नामोल्लेख आहे. सूरह अल्-अनआमच्या १४१ व्या आयतीत खजूर, शेती, जैतून आणि डाळिंब यांचा उल्लेख करून तीन गोष्टींची शिकवण दिली आहे: फळ आले की त्याचा उपभोग घ्या, तोडणीच्या दिवशी त्यातील हक्क अदा करा आणि मर्यादा ओलांडू नका. यांतील तिसरी गोष्ट हा आजच्या चिंतनाचा विषय आहे.

बागायतदाराची अडचण खरी आहे. सुरसा अळी फळ पोखरते, फुलकिडे कोवळ्या फळांची साल खरवडतात, मावा रस शोषून घेतो. फवारणीवाचून गत्यंतर नाही, असे त्याला वाटते. रासायनिक औषधांचे दुष्परिणाम पाहून आज अनेक शेतकरी निंबोळी अर्क, करंज तेल, दशपर्णी अर्क यांकडे वळले आहेत. हे वळण स्वागतार्ह आहे. परंतु बाटलीवर ‘नैसर्गिक’ हा शब्द दिसताच मनातील भीती जाते आणि तिच्यासोबत सावधगिरीही निघून जाते. म्हणून प्रश्न विचारला पाहिजे: एखादे विष वनस्पतीतून आले, एवढ्यानेच ते निर्दोष ठरते काय? आणि ते वापरणाऱ्याचे उत्तरदायित्व त्यामुळे हलके होते काय?

तंबाखूचेच उदाहरण घ्या. आपल्या सोलापुरात हजारो माताभगिनी सुपात तंबाखू घेऊन विड्या वळत आल्या आहेत. याच पानातील निकोटिन हे कीटकनाशक म्हणून फार पूर्वीपासून वापरले गेले. एका मज्जापेशीकडून दुसरीकडे निरोप पोचविणारे एक द्रव्य शरीरात असते. निकोटिन त्या द्रव्याची जागा बळकावते. निरोप थांबतच नाही, किडा थरथरतो, लुळा पडतो आणि मरतो. लक्षात घ्या, निरोप पोचविणारे हेच द्रव्य माणसाच्या शरीरातही आहे. म्हणून तंबाखूचा तीव्र अर्क कातडीवर सांडला तरी मळमळ, घेरी, घाम आणि प्रसंगी मृत्यूही ओढवू शकतो.

शेवंतीच्या कुळातील एका पांढऱ्या फुलापासून पायरेथ्रम मिळते. मज्जापेशीची जी दारे क्षणभर उघडून मिटायची, ती त्याच्या प्रभावाने उघडीच राहतात. माणसाचे शरीर हे विष बरेचसे लवकर मोडून टाकते. मधमाशी आणि मासा यांना मात्र ते घातक ठरते. काही वेलींच्या मुळांतील रोटेनॉन अनेक दशके निर्धोक म्हणून बागांत वापरले गेले. ते पेशींची ऊर्जा निर्माण करणारी यंत्रणा बंद पाडते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, दीर्घकाळ रोटेनॉन दिलेल्या उंदरांच्या मेंदूतील विशिष्ट मज्जापेशी नष्ट होऊन त्यांच्यात कंपवातासारखी लक्षणे आढळली.

हे फार दूरचे वाटत असेल तर आपल्याच घरात डोकावून पाहा. मुलीच्या केसांतील उवा घालविण्यासाठी सीताफळाच्या बियांची पूड लावण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. या बियांतील विषही पेशींची तीच यंत्रणा रोखते आणि पूड डोळ्यांत गेल्यास बुबुळाला इजा होते. कडुनिंब किडीची भूक मारतो, तिची कात टाकण्याची क्रिया बिघडवतो, आणि म्हणूनच तो शेतीला उपकारक आहे. पण तान्ह्या बाळांना कडुनिंबाचे तेल पाजल्याने आकडी आणि बेशुद्धी आल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. दशपर्णीत पडणारी कण्हेर तर माणसाचे हृदय थांबवू शकते.

वाचकहो, यातून वनस्पतींविषयी भय बाळगावे, असा निष्कर्ष निघत नाही. उलट एक सखोल बोध होतो. किड्याची मज्जापेशी आणि माणसाची मज्जापेशी पुष्कळशा एकाच रीतीने घडविल्या आहेत, कारण त्यांचा निर्माणकर्ता एकच आहे. औषध आणि विष यांच्यातील भेद बहुधा मात्रेचा असतो, आणि मात्रा राखणे हे आपल्याकडे सोपविलेले काम आहे. सूरह अर्-रहमानमध्ये आकाशाच्या उभारणीबरोबर तुलेचा उल्लेख येतो आणि त्या तुलेत अतिरेक न करण्याची ताकीद दिली जाते. ती तुला दुकानापुरती नाही. फवारणीच्या पंपात औषध मोजून ओतणारा हातही तिच्याच कक्षेत येतो.

इस्लामने हानिकारक जीव दूर करण्यास मनाई केलेली नाही. विंचू आणि उंदीर यांना इहरामच्या अवस्थेतही मारण्याची अनुमती आहे. परंतु अनुमतीबरोबर मर्यादाही आहे. बुखारी आणि मुस्लिम यांतील हदीसनुसार, एका नबींना मुंगी चावली म्हणून त्यांनी मुंग्यांचे अख्खे वारूळ जाळविले, तेव्हा अल्लाहने त्यांना जाब विचारला की, एका मुंगीसाठी त्याचे गुणगान करणारा सारा समुदाय का नष्ट केला? मधमाशीच्या नावाने तर कुरआनात एक सूरह आहे. डाळिंबाच्या फुलावर तीच मधमाशी येते आणि फळ धरण्यास साहाय्य करते. भर सकाळी, बाग फुलोऱ्यात असताना फवारणी करणारा एका अळीसाठी आपल्याच उपकारकर्तीचा जीव घेतो. संध्याकाळी माश्या परतल्यावर फवारणी करणे, गरज असेल तेवढेच झाड भिजविणे, ही अवघड गोष्ट नाही. तेल्या हा जिवाणूजन्य रोग आहे. त्यावर कीटकनाशक मारणे म्हणजे निव्वळ अपव्यय होय.

दुसरी बाब सचोटीची. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला. वरचे धान्य कोरडे आणि आतले ओले निघाले. त्यांनी विक्रेत्याला विचारले की, ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही? आणि फसविणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे सांगितले. ‘नैसर्गिक’ असे लेबल लावून आत रासायनिक विष मिसळणारा, किंवा फवारणीनंतर थांबावयाचे दिवस न पाळता फळ बाजारात पाठविणारा बागायतदार, हे दोघेही तीच ओली रास विकत असतात. ग्राहकाला ती दिसत नाही, अल्लाहला दिसते.

तिसरी बाब मजुराची. पंप बहुधा मालकाच्या पाठीवर नसतो. तो असतो रोजंदारीवर आलेल्या माणसाच्या पाठीवर. प्रेषितांनी (स.) हाताखालच्या माणसांना भाऊ म्हटले आणि त्यांच्यावर शक्तीपलीकडचे ओझे टाकू नये, असे शिकविले. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. ती औषधे रासायनिक होती हे खरे. पण उघडी कातडी, झाकले न गेलेले नाक आणि फवारणीनंतर न धुतलेले हात वनस्पतीच्या विषालाही तितकेच मोकळे असतात. औषध ‘झाडपाल्याचे’ आहे म्हणून मजुराला हातमोजे आणि तोंडाला फडके न देणाऱ्या मालकाने स्वतःला विचारावे: माझ्या मुलाच्या पाठीवर तो पंप असता, तर मी काय केले असते?

म्हणून कडुनिंब वापरा, अवश्य वापरा. ५ किलो निंबोळी पावडर रात्रभर भिजवून, गाळून १०० लिटर पाणी करण्याची रीत आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. त्या ५ किलोचे १० किलो करू नका. अर्काचे भांडे स्वयंपाकघरात आणू नका, तो पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. झाडाने विष निर्माण केले ते स्वतःच्या रक्षणासाठी. त्याला कोणताही हिशोब द्यावयाचा नाही. ते विष काढून, मोजून, दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या आपल्याला मात्र द्यावयाचा आहे.

अल्लाह आपणा सर्वांना मर्यादा ओळखण्याची आणि त्याच्या सृष्टीशी अमानतदारीने वागण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.