फिलेमोनच्या घरी वाचलेली प्रार्थना

कोकणात देवाला कौल लावतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवून गुरव गाऱ्हाणे घालतो, आणि कोणत्या बाजूची पाकळी आधी गळते त्यावरून होकार की नकार ते ठरते. मुलीचे स्थळ, विहिरीची जागा, भावाभावांतली वाटणी, सगळे देवाला विचारून. आपण ख्रिस्ती माणसे या रिवाजाकडे जरा वरूनच पाहतो. पण वर्षअखेरच्या रात्रीच्या उपासनेत ताटातली वचनाची चिठ्ठी उचलताना आपलाही हात क्षणभर घुटमळतो. डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडायचे आणि जिथे बोट टेकेल ते वचन आजच्या अडचणीला लावायचे, हेही आपल्यापैकी पुष्कळांनी केलेले असते. पाकळी नसते, इतकेच.

यात हसण्यासारखे काही नाही. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या कागदावर सही मागितलेली असते, किंवा मुलाला परदेशी पाठवायचे की नाही याचे उत्तर सोमवारपर्यंत द्यायचे असते, आणि माणूस घाबरलेला असतो. घाबरलेल्या माणसाला हो किंवा नाही एवढेच ऐकायचे असते. त्याची प्रार्थना त्या एका प्रश्नाएवढी अरुंद होते. देव अशी प्रार्थना ऐकत नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मात्र देवाची इच्छा समजावी म्हणून पौलाने केलेली प्रार्थना कलस्सैकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात, नवव्या वचनापासून पुढे, सावकाश वाचून पाहावी. त्याने मागितलेले काही वेगळेच आहे.

कलस्सै हे आजच्या तुर्कस्तानातले, लायकस नदीच्या खोऱ्यातले गाव. लोकरीच्या व्यापारावर एके काळी भरभराटलेले, पण पौलाच्या काळापर्यंत शेजारच्या लावदिकीयाने आणि हेरापलीने त्याला मागे टाकले होते. पौलाने इथल्या मंडळीचे तोंडही पाहिलेले नव्हते. तिथे सुवार्ता नेली ती एपफ्रासने, आणि तो त्याच गावचा. त्याच्याकडून पौलाला या लोकांची खबर लागली आणि त्या दिवसापासून तो या अनोळखी माणसांसाठी प्रार्थना करत राहिला. तोही कैदेत असताना. परंपरेप्रमाणे हा तुरुंगवास रोमचा, इ.स. ६० च्या आसपासचा.

त्याची मागणी अशी: देवाची इच्छा ओळखण्याचे ज्ञान या लोकांत भरपूर असावे, सोबत आत्म्याने दिलेले शहाणपण आणि समज असावी. आणि हे सगळे कशासाठी, तर प्रभूला शोभेल, त्याला सर्व बाबतींत आवडेल असे त्यांनी चालावे म्हणून. पुढे तो या चालण्याचे वर्णन करतो. चांगल्या कामांचे फळ यावे, देवाची ओळख वाढत जावी, सोसण्याची ताकद मिळावी, तीही कुरकुरत सोसण्याची नव्हे, आनंदाने सोसण्याची, आणि तोंडी उपकारस्तुती असावी. मंडळीची संख्या वाढावी, संकटे टळावीत, आपली सुटका व्हावी, यातले काहीही या प्रार्थनेत नाही. चौथ्या अध्यायात तो स्वतःसाठी प्रार्थना करायला सांगतो आणि दार उघडावे असे म्हणतो. कैद्याने दार उघडण्याची गोष्ट काढली की आपल्याला वाटते, तुरुंगाचे. त्याला हवे होते ते सुवार्तेसाठीचे दार.

मला या मागणीतला क्रम महत्त्वाचा वाटतो. देवाची इच्छा आधी पुरती कळू दे, मग पाऊल टाकू, असे आपण धरून चालतो. वर्षानुवर्षे जागच्या जागी उभे राहायला ही सबब फार सोयीची आहे. पौलाच्या मागणीत ज्ञान चालण्यासाठी आहे, आणि चालता चालता देवाची ओळख आणखी वाढायची आहे. म्हणजे पहिल्या पावलाला लागेल तेवढे आधी मिळते, बाकीचे वाटेत.

पंडिता रमाबाईंचे आयुष्य हे याचे आपल्या घरचे उदाहरण. दुष्काळात आई-वडील गमावलेली ही मुलगी. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्यांच्यापुढे कोणती मोठी योजना होती? मध्य प्रांतात मुली भुकेने मरताहेत, विकल्या जाताहेत, हे कानावर आले आणि त्या निघाल्या. भूक म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. शेकडो मुली-बायका त्यांनी आणल्या. प्लेगच्या दिवसांतल्या निर्बंधांमुळे त्या सगळ्यांना तोवर पुण्याला हललेल्या सदनात ठेवणे अवघड झाले, म्हणून केडगावच्या शेतावर राहुट्या पडल्या आणि तिथे मुक्ती सदन उभे राहिले. त्यानंतर, आश्रमाचा एवढा पसारा सांभाळत असताना, या बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी अख्खे बायबल आणले. १९२२ साली त्या गेल्या, तोवर भाषांतराचे काम पुरे करून. धान्याची पोती मोजणे आणि मूळ भाषेतल्या शास्त्राचा अर्थ लावणे ही दोन कामे एकाच अंगणात चालली होती, आणि एकाने दुसऱ्याला अडवले असे दिसत नाही.

देवाला आवडेल असे जगणे म्हटले की एक घोटाळा होतो, तो इथेच निस्तरून टाकू. साहेबाला खूश ठेवायचे, खाष्ट सासऱ्याला खूश ठेवायचे, तसे देवाला खूश ठेवायचे, असे आपल्या मनात कुठेतरी असते. उपास वाढवला, वर्गणी वाढवली, म्हणजे त्याचा राग उतरेल. पौलाच्या पत्रात राग उतरवण्याची भाषाच नाही. ज्याने आधीच आपल्या लेकरांना वारसा दिला आहे, अशा बापाबद्दल तो बोलतो आहे. आवडेल असे चालणे हे त्या घरातल्या माणसाचे चालणे.

आता एपफ्रास. पत्राच्या शेवटी पौल त्याच्याविषयी लिहितो की तो तुमच्यासाठी प्रार्थनेत झटतो आहे, देवाच्या सर्व इच्छेविषयी तुमची खात्री व्हावी आणि तुम्ही पक्के उभे राहावे म्हणून. पहिल्या अध्यायात पौलाने जे मागितले जवळजवळ तेच. आपले गाव सोडून दूर असलेला हा माणूस गावासाठी पाऊस-पाणी मागत बसला नाही. मला यात खटकते ते माझ्या-तुमच्या प्रार्थनेचे सर्वनाम. आपण म्हणतो, देवा, मला दाखव, मला कळू दे. पौल आणि एपफ्रास दुसऱ्यांसाठी मागतात, आणि तेही अनेकांसाठी मिळून. देवाची इच्छा एकट्याने कोपऱ्यात ओळखायची गोष्ट आहे असे या पत्रावरून वाटत नाही. ती मंडळीत बसून, एकमेकांच्या तोंडाकडे पाहत ओळखायची आहे. कधी कधी ते तोंड नको असलेल्या माणसाचे असते.

कारण हे पत्र कलस्सैला घेऊन कोण आले ते पाहा. तुखिक आला, आणि त्याच्याबरोबर अनेसिम. पौल या अनेसिमला विश्वासू, प्रिय बंधू म्हणतो आणि वर सांगतो की हा तुमच्यातलाच आहे. तो त्यांच्यातलाच होता, हे त्या गावाला चांगले माहीत होते. फिलेमोन नावाच्या सधन गृहस्थाचा तो गुलाम, मालकाचे घर सोडून गेलेला, बहुधा काही नुकसानही करून गेलेला. रोमन राज्यात पळालेल्या गुलामाच्या कपाळावर डाग देण्याची रीत होती. मालकाच्या मर्जीला विचारणारे कोणी नव्हते. आणि कलस्सैची मंडळी, निदान तिच्यातले काही लोक, जमत होते ते याच फिलेमोनच्या घरी.

त्या घरातली ती उपासना डोळ्यांसमोर आणली की पहिल्या अध्यायातली प्रार्थना साधी राहत नाही. सगळे बसले आहेत, तुखिक वाचतो आहे. देवाची इच्छा तुम्हाला कळो, प्रभूला आवडेल असे तुमचे चालणे असो. माना डोलत असतील. तिसऱ्या अध्यायात येते की ख्रिस्तामध्ये गुलाम आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही. तेव्हा काही माना थबकल्या असतील. आणि चौथ्या अध्यायात अनेसिमचे नाव. ज्या इच्छेबद्दल इतका वेळ ऐकले, तिचा पहिला प्रश्न त्याच घरात हजर होता, आणि त्याला कौल लावून सुटका नव्हती. उत्तर कळायला आणखी चिन्हाची गरज नव्हती. गरज होती ती फिलेमोनने मान वळवून त्याच्याकडे पाहण्याची.

इथे एक अवघड गोष्ट टाळता येत नाही. याच पत्रात दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे असेही लिहिले आहे, आणि धन्यांना न्यायाने व समतेने वागण्याची ताकीद आहे. गुलामगिरी मोडून काढा, असे पौलाने लिहिलेले नाही. पुढे १८५० च्या सुमारास अमेरिकेत पळून आलेल्या गुलामांना परत धाडण्यावरून वाद पेटला, तेव्हा काही धर्मोपदेशकांनी फिलेमोनाला लिहिलेले पत्रच पुढे केले: पौलाने परत पाठवला, तुम्हीही पाठवा. शास्त्र उघडून, प्रार्थना करून, मालकाच्या सोयीची ती देवाची इच्छा. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केले, त्यांनी गुलामांना मुक्त करताना असल्या प्रवचनांशीही झुंज दिली होती. आणि आपण? ख्रिस्ती घरातले स्थळ बघतानाही पूर्वीची जात हळूच विचारून घेतो, मग लग्नाच्या पत्रिकेवर देवाच्या इच्छेने असे छापतो.

म्हणूनच पौल नुसते ज्ञान मागत नाही, सोबत समज मागतो. वचने तोंडपाठ असलेला माणूसही वचनाच्या आडोशाला बसू शकतो. समज आहे की नाही हे बहुतेक वेळा आपल्याहून कमी ताकदीच्या माणसाशी आपण कसे वागतो त्यावरून दिसते. मोलकरणीच्या पगारातून खाड्याचे पैसे कापताना, घटस्फोटित बहिणीला सणाला बोलवायचे की नाही ठरवताना. यांतल्या एकाही प्रश्नासाठी चिठ्ठी उचलायचे आपल्याला सुचत नाही, कारण उत्तर आधीच ठाऊक असते आणि ते गैरसोयीचे असते.

फिलेमोनाला पौलाने वेगळे पत्र लिहिले. अवघ्या २५ वचनांचे. घरगुती बाब, पण पत्त्यावर फिलेमोनबरोबर अप्फिया आणि अर्खिप्प यांची नावे आहेत आणि त्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीचाही उल्लेख आहे. म्हणजे हेही चारचौघांत ऐकायचे. तिथेही तो आधी प्रार्थना सांगतो, आणि पुन्हा तीच मागणी: जे जे चांगले आहे त्याची ओळख तुला पटावी. हुकूम करायचा अधिकार आहे म्हणतो आणि करत नाही, प्रेमाने विनवतो. अनेसिमला आता दास म्हणून नको, दासापेक्षा अधिक म्हणून, प्रिय बंधू म्हणून परत घे. त्याने काही बुडवले असेल तर माझ्या नावावर मांड, मी फेडीन, आणि हे मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. तू स्वतः माझा किती देणेकरी आहेस ते मी काढत नाही, असे म्हणत तो ते काढतोच. म्हातारा लबाड आहे, चांगल्या अर्थाने.

आणि शेवटी, निरोपाचे नमस्कार सुरू होण्याआधी, एक ओळ सहज टाकल्यासारखी. माझ्यासाठी राहण्याची एक खोली तयार ठेव, तुमच्या प्रार्थनांमुळे मी तुमच्याकडे येईन अशी आशा आहे. प्रार्थना करा, मला सोडवा, असे सांगायचे होते तर ते कलस्सैच्या पत्रात सांगता आले असते. ते इथे आले, या घरमालकाच्या पत्रात. पाहुणा आला की चार दिवस राहणार, अंगणात बसणार, पंगतीला बसणार. अनेसिम कुठे झोपतो आणि कोणाच्या शेजारी जेवायला बसतो, हे त्याला विचारावे लागणार नव्हते.